योगवर्ग आणि ॲपच्या आधी: कारखान्यातील आरोग्य कार्यक्रमाचे पैसे कुठे घालावेत

चाकण औद्योगिक क्षेत्रात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या, साडेतीनशे कायम कामगारांच्या एका कारखान्यातील मनुष्यबळ अधिकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. व्यवस्थापनाने कर्मचारी स्वास्थ्य कार्यक्रमासाठी वर्षाला सहा लाख रुपये मंजूर केले आहेत. आठवड्यातून दोनदा योगवर्ग, पावले मोजणारे ॲप व त्यावरच्या स्पर्धा, समुपदेशनाची हेल्पलाइन आणि ‘पूर्ण शरीर तपासणी’चे पॅकेज असे चार प्रस्ताव त्यांच्या टेबलावर आहेत. गेली दोन वर्षे तपासणी शिबिर घेऊनही गैरहजेरी जैसे थे आहे. तर या चारांपैकी काय निवडावे?

पुणे जिल्ह्यातील कारखान्यांमध्ये बावीस वर्षे वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केल्यानंतर माझे उत्तर असे आहे की, तपासणी ठेवा, पण तिचे स्वरूप पूर्ण बदला, आणि उरलेले तिन्ही प्रस्ताव पहिल्या वर्षी बाजूला ठेवा. सहा लाखांतला मोठा हिस्सा शिबिराच्या दिवशी नव्हे, तर शिबिरानंतरच्या ३६४ दिवसांत खर्च झाला पाहिजे.

गेल्या दोन शिबिरांचे अहवाल काढून एक साधी गोष्ट पाहा. पहिल्या वर्षी ज्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला, त्यांपैकी किती जणांचा दुसऱ्या वर्षी आटोक्यात होता? बहुतेक कारखान्यांत हा आकडा कोणी काढलेलाच नसतो, आणि काढला तर तीच नावे, तेच आकडे, फक्त वय एक वर्षाने वाढलेले, असे दिसते. प्रयोगशाळेने छापील अहवाल दिला, त्यावर ‘फिजिशियनचा सल्ला घ्यावा’ असा शिक्का मारला, कामगाराने तो घडी करून डब्याच्या पिशवीत घातला आणि विषय संपला. तपासणी म्हणजे आजार शोधणे. उपचार सुरू होणे आणि सुरू राहणे ही निराळी कामे आहेत, आणि त्यांच्यासाठी आपण कोणालाच नेमलेले नसते.

खरे तर आजार शोधण्यातही शिबिरे कमी पडतात. रक्तदाब मोजण्यापूर्वी माणसाने पाच मिनिटे टेकून शांत बसलेले असावे, अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू घेतलेली नसावी, लघवी साचलेली नसावी, हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला असावा आणि मोजणी दोनदा व्हावी, एवढे साधे नियम आहेत. शिबिरात मात्र माणूस रांगेत उभा असतो, सुपरवायझर ‘लाइन थांबली आहे, लवकर उरका’ म्हणून मागे लागलेला असतो, आणि गालात तंबाखूची गोळी तशीच असते. साखरेचेही तेच. ‘रिकाम्या पोटी या’ अशी सूचना फलकावर लागते आणि नाइट शिफ्टचा कामगार रात्री दोन वाजता कँटीनमध्ये जेवून सकाळी सातला रक्त द्यायला उभा राहतो. त्याच्या दृष्टीने पोट रिकामेच असते, कारण सकाळी त्याने काही खाल्लेले नसते. म्हणून तपासणी एका दिवसात न उरकता शिफ्टप्रमाणे महिनाभर, रोज पंधरा-वीस जणांची करा. ट्यूमर मार्कर (कर्करोगाच्या खुणा रक्तात शोधणाऱ्या) आणि जीवनसत्त्वांच्या महागड्या चाचण्या वगळा. रक्तदाब, साखर, वजन व कमरेचा घेर, हिमोग्लोबिन, दृष्टी, तोंडाची तपासणी आणि कामाच्या जागेनुसार श्रवणचाचणी किंवा फुप्फुसांची क्षमता एवढे नीट झाले तर पुष्कळ झाले. प्रेस शॉपमधल्या, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या गोंगाटातल्या, माणसाची ऐकण्याची चाचणी न करता त्याची थायरॉइड तपासणारी पॅकेजे मी पाहिली आहेत.

या तपासणीकडे आता मेहेरबानी म्हणूनही पाहता येणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या चार कामगार संहितांनुसार चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी मोफत करून देणे ही मालकाची जबाबदारी आहे. स्वास्थ्य कार्यक्रमाची खरी सुरुवात या किमान जबाबदारीच्या पुढे होते.

आता पाठपुराव्याविषयी. तुमच्या सहा लाखांतले निम्मे पैसे एका परिचारिकेवर घाला, जिची वेळ दोन शिफ्टच्या सांध्यावर, म्हणजे दुपारी एक ते पाच किंवा रात्री आठ ते बारा अशी आलटून पालटून असेल. तिच्याकडे वही असावी. संगणक चालेल, पण वही अधिक चालते. वहीत रक्तदाब आणि मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णासाठी एक पान असावे, आणि महिन्यातून एकदा तो माणूस आला नाही तर तिने लाइनवर जाऊन त्याला बोलावून आणावे. देशातील उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरुवातीला महाराष्ट्रासह पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांत सरकारी दवाखान्यांमधून राबवला गेला. त्यात औषधयोजना सगळ्यांसाठी एकसारखी आणि सोपी होती, औषधांचा पुरवठा खंडित होऊ द्यायचा नव्हता, मोजणी आणि पाठपुरावा डॉक्टरबरोबर परिचारिकांनीही करायचा होता, आणि कोण आले नाही याची नोंद ठेवायची होती. कारखान्यात हे दवाखान्यापेक्षाही सोपे आहे, कारण रुग्ण रोज तुमच्याच गेटमधून आत येतो. ॲम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च जनऔषधी केंद्रात शंभर रुपयांच्या आत बसतो. गोळी महाग नाही. गोळी आणायला जाण्यासाठी बुडणारा अर्धा दिवस महाग आहे.

हा अर्धा दिवस कोणाचा बुडतो हे समजून घेण्यासाठी तुमच्या हजेरीपटाचे तीन भाग करा. ज्यांचे वेतन महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे ते राज्य कामगार विमा योजनेत येतात. त्यांच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात, तुम्ही ३.२५ टक्के भरता, आणि उपचार व औषधे त्यांना मोफत मिळायला हवीत. पण दवाखाना गाठायला शिफ्ट सोडावी लागते. वेतन या मर्यादेपलीकडे गेलेले जुने कायम कामगार योजनेबाहेर पडतात. त्यांना तुम्ही समूह मेडिक्लेम देता, जो सहसा रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडतो. म्हणजे पंचेचाळीस वर्षांचा, रक्तदाब असलेला, वीस वर्षे नोकरी झालेला ऑपरेटर नेमका या फटीत सापडतो: झटका आल्यावर अँजिओप्लास्टीला विमा आहे, पण झटका टाळणाऱ्या गोळीला नाही. तिसरा भाग कंत्राटी कामगारांचा. त्यांचा आकडा तुम्ही दिलेला नाही; तुमच्या आकाराच्या कारखान्यात दीडशे-दोनशे असावेत असे धरतो. ते योजनेत असतात, पण त्यांच्यातले अनेकजण बीड-लातूरकडून किंवा बिहार-झारखंडमधून आलेले असतात, एका खोलीत सहाजण राहतात आणि खाडा झाला तर रोज बुडतो. कायम कामगारांपुरते पाहिले तर तुमचे अंदाजपत्रक माणशी साधारण १,७०० रुपयांचे आहे, आणि कंत्राटी धरले तर ११०० च्या आसपास येते. ते ११०० चेच करा. उष्माघात आणि कावीळ रोलवरचा कोण आणि ठेकेदाराचा कोण हे पाहून होत नाहीत.

राज्य कामगार विमा दवाखान्यात जाण्यासाठी महिन्याला दोन तासांची भरपगारी मुभा, आणि योजनेबाहेरच्यांसाठी कारखान्यातच जेनेरिक औषधे, एवढ्या दोन निर्णयांनी वरच्या तिन्ही गटांचे बरेचसे काम होते. ॲपच्या वर्गणीत हे आरामात बसते.

ॲप विकणारे तुम्हाला एक आलेख दाखवतील, ज्यात भाग घेणाऱ्यांची गैरहजेरी भाग न घेणाऱ्यांपेक्षा कमी असते. आलेख बहुधा खोटा नसतो. त्याचा अर्थ खोटा लावलेला असतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने स्वतःच्या हजारो कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून असा कार्यक्रम तपासला. जे हौसेने भाग घेतात ते आधीपासूनच अधिक निरोगी असतात आणि त्यांचा औषधोपचाराचा खर्चही आधीच कमी असतो, असे त्यात दिसले. कार्यक्रमामुळे म्हणून पडलेला फरक जवळजवळ नव्हता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात तिथल्या एका मोठ्या दुकानसाखळीची १६० ठिकाणे आणि सुमारे ३३,००० कर्मचारी होते. दीड वर्षानंतर लोक ‘आम्ही व्यायाम करतो’ असे अधिक प्रमाणात सांगू लागले, पण रक्तदाब, साखर, वजन, उपचारखर्च आणि गैरहजेरी यांत लक्षणीय फरक आढळला नाही. याउलट पेप्सिको कंपनीच्या सात वर्षांच्या कार्यक्रमाचे जे मूल्यमापन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात बचतीचा बहुतांश भाग आधीच आजारी असलेल्यांच्या उपचारांचा पाठपुरावा करणाऱ्या शाखेतून आला होता, जीवनशैलीच्या शाखेतून नव्हे. शिवाय तिथला मालक उपचारांचा खर्च स्वतः उचलतो, म्हणून त्याला बचतीचे गणित मांडावे लागते. आपल्याकडे राज्य कामगार विम्याबाहेर बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च कामगाराच्या खिशातून जातो. त्यामुळे ‘एक रुपया घाला, तीन रुपये वाचवा’ हे तिथले गणित इथल्या सादरीकरणात येते तेव्हा त्यातले तीन रुपये कोणाचे, हे एकदा विचारून पाहा.

योगवर्गाविषयी माझे मत प्रतिकूल नाही. मी स्वतः सूर्यनमस्कार घालतो. पण कारखान्यातल्या योगवर्गाला कोण येते ते मी पाहिले आहे. जनरल शिफ्टचा कार्यालयीन वर्ग येतो, फोटो निघतात, आणि जो माणूस आठ तास उभा राहून गिअरचे भाग उचलतो तो त्या वेळी बस पकडण्यासाठी गेटकडे धावत असतो. त्याची कंबर टेबलाच्या उंचीमुळे दुखते. बारा किलोचा भाग जमिनीवरच्या ट्रेमधून उचलण्याऐवजी कमरेच्या उंचीवरून उचलता आला, उभे राहण्याच्या जागी रबरी चटई आली आणि मधूनमधून टेकायला उंच स्टूल मिळाले, तर तो कोणतेही आसन न करता बरा राहील. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय करावी हे १९४८ च्या कारखाने अधिनियमातच होते. तरीही ‘स्टूल दिले की माणूस आळशी होतो’ हे वाक्य मी इतक्या उत्पादन प्रमुखांकडून ऐकले आहे की ते कुठल्या तरी अभ्यासक्रमात शिकवत असावेत.

जुळणी विभागात महिला असतील तर तुमच्या दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये एप्रिल-मे महिन्यांत मूत्रमार्गाच्या संसर्गाच्या किती नोंदी आहेत ते मोजा. एका कारखान्यात मी त्यासाठी दोन उन्हाळे प्रतिजैविके लिहून दिली आणि ‘भरपूर पाणी प्या’ असे सांगत राहिलो. तिसऱ्या वर्षी एका वयस्कर ताईंनी सरळ सांगितले की, “डॉक्टर, पाणी प्यायले तर जावे लागते, आणि जायचे तर रिलिव्हर मागावा लागतो, सगळ्यांदेखत दिवसातून चारदा कोण मागणार?” स्वच्छतागृह दोन शेड पलीकडे होते आणि सहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला की लाइनवर दिवा लागत असे. त्यानंतर प्रत्येक लाइनला एक फिरता रिलिव्हर ठरला, जो न मागता क्रमाने प्रत्येकीची जागा घेत असे, आणि शेडलगतच स्वच्छतागृह बांधले गेले. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या प्रतिजैविकांच्या चिठ्ठ्या डोळ्यांत भरण्याइतक्या कमी झाल्या. दोन वर्षे मी औषध चुकीच्या जागी देत होतो.

शिफ्टची फिरती हा विषय मनुष्यबळ विभागाच्या हातात असूनही स्वास्थ्य कार्यक्रमाच्या कागदावर कधीच येत नाही. फिरती पहिली, मग दुसरी, मग रात्रीची अशी पुढच्या दिशेने असावी, कारण शरीराला उशिरा झोपणे लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते. रात्रपाळीनंतर थेट पहिल्या पाळीवर कोणाला बोलावू नये. रात्रपाळीतल्या मधुमेही कामगारांच्या गोळ्यांच्या वेळा परिचारिकेने स्वतः बसून नव्याने लिहून द्याव्यात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी ‘सकाळी नाश्त्याआधी’ अशी लिहिलेली असते. रात्रपाळीहून आलेला माणूस ती इमानदारीने घेतो आणि नाश्ता न करता झोपतो, किंवा उठून अर्धवट खाऊन प्रेसवर येतो आणि साखर उतरून गरगरतो. प्रेसवर हा अपघात कोणत्या रकान्यात नोंदला जातो? ‘कामगाराचा निष्काळजीपणा’.

ओव्हरटाइमबद्दल मात्र माझ्याकडे सोपे उत्तर नाही. ‘डबल’ मारलेला माणूस पहाटे दुचाकीवरून पुणे-नाशिक महामार्गावर किंवा तळेगाव रस्त्यावर झोपेत गाडी हाकतो, हे मला ठाऊक आहे; आणि दुप्पट दराने मिळणारा तोच पैसा मुलाच्या फीसाठी त्याला हवा असतो, हेही ठाऊक आहे. सलग दोन पाळ्या केलेल्या माणसाला कंपनीच्या बसनेच घरी सोडायचे आणि आठवड्याची सुट्टी ओव्हरटाइममध्ये गिळू द्यायची नाही, एवढे दोन नियम मी मागतो. ती सुट्टी आयती मिळालेली नाही. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली.

कँटीनमध्ये ‘हेल्दी मेनू’चा फलक लावण्यापेक्षा ठेकेदाराचा थाळीचा दर पाहा, कारण भाजीत किती तेल पडते आणि डाळ किती पातळ होते हे तो दरच ठरवतो. दर दोन-तीन रुपयांनी वाढवून त्या बदल्यात रोज एक मोडाची उसळ आणि कोशिंबीर करारात लिहून घ्या. टेबलावरच्या मिठाच्या वाट्या उचला, पापड-लोणचे आठवड्यातून दोनदाच ठेवा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते आणि आपण साधारण त्याच्या दुप्पट खातो. चहातली साखर दर महिन्याला थोडी थोडी कमी करा, पण त्याची घोषणा करू नका. घोषणा केली की दुसऱ्या दिवशी चहा बेचव लागतो.

तंबाखूच्या बाबतीत गेटवर खिसे तपासणे निरुपयोगी आहे. पुडी मोज्यात जाते. राज्यात धूर ओढणाऱ्यांपेक्षा तंबाखू चघळणारे कितीतरी पटींनी अधिक आहेत, आणि रात्रपाळीत ती जागे राहण्याचे साधन असते. परिचारिकेला तोंडाची तपासणी शिकवा. उभी तीन बोटे तोंडात जात नसतील, किंवा गालात पांढरा चट्टा किंवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे पाठवा. स्वतःच्या तोंडातला चट्टा आरशात पाहिलेला माणूस व्याख्यान ऐकलेल्या माणसापेक्षा लवकर सोडतो, असा माझा अनुभव आहे. १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा मोफत क्रमांक पाण्याच्या कूलरजवळ लिहून ठेवा.

समुपदेशन हेल्पलाइन विकत घेण्याआधी शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही उपलब्ध आहे, हे लक्षात घ्या. ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,००० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवरून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ताणनियोजनाचे वर्ग आणि ॲप यांत भाग घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा अधिक बरे असल्याचे दिसले नाही. सुपरवायझरने चारचौघांत आईवरून शिवी देणे बंद झाले, तर शॉपवरचा निम्मा ताण उतरतो. त्यासाठी समुपदेशक नव्हे, कारखाना व्यवस्थापक लागतो.

गोपनीयतेची अट मी वाटाघाटीला ठेवत नाही. एका कारखान्यात प्रयोगशाळेने सगळ्यांचे अहवाल नावानिशी एकाच तक्त्यात मनुष्यबळ विभागाला ई-मेल केले. त्यात साखर वाढलेल्या एका कंत्राटी फोर्कलिफ्ट चालकाचे काम पुढच्या करारात गेले. पुढच्या वर्षी तपासणीच्या आठवड्यात रजेचे अर्ज दुपटीने आले. म्हणून अहवाल डॉक्टर आणि परिचारिका यांच्यापलीकडे जाऊ नयेत. तुमच्याकडे फक्त ‘योग्य’, ‘अटींसह योग्य’ किंवा ‘तात्पुरता अयोग्य’ एवढाच शेरा यावा, आणि अटी आजाराच्या नव्हे, कामाच्या भाषेत लिहिलेल्या असाव्यात, उदाहरणार्थ ‘तीन महिने उंचीवरचे काम नको’. होय, तुम्हालाही आजाराचे नाव कळणार नाही.

व्यवस्थापनाला वर्षाअखेरीस दाखवायचे आकडे आजच ठरवून घ्या: रक्तदाब आढळलेल्यांपैकी किती जणांचा १४०/९० च्या खाली आहे, किती मधुमेहींनी दर तीन महिन्यांनी तपासणी केली, आणि सलग दोन पाळ्या किती वेळा लागल्या. गैरहजेरी पहिल्या वर्षाच्या मोजमापात धरू नका आणि तसे लेखी कळवून ठेवा, कारण दवाखान्यात जाण्याची मुभा मिळाल्यावर आजवर अंगावर काढणारी माणसे उपचारांना जाऊ लागतील आणि पहिल्या सहा महिन्यांत गैरहजेरी थोडी वाढलेलीच दिसेल.